हुशारीचा शिक्का

अमेरिकेतल्या भारतीय मुलांचं एक चित्र आपल्याकडे पक्कं बसलेलं आहे. ही मुलं गणितात पुढे असतात, स्पेलिंगच्या स्पर्धा जिंकतात, शनिवारी तबला नाहीतर भरतनाट्यम शिकतात, रविवारी मंडळाच्या मराठी शाळेत जातात आणि मोठेपणी डॉक्टर किंवा इंजिनिअर होतात. तिकडच्या शिक्षकांच्या आणि वर्गातल्या इतर मुलांच्या मनातही हेच चित्र असतं. आईबाबांच्या मनात तर ते सर्वांत ठळक असतं. चित्र कौतुकाचं आहे, म्हणून ते तपासून बघावं असं सहसा कुणाला वाटत नाही. या संग्रहातल्या लेखकांना तसं वाटलं. त्यांच्यापैकी बहुतेक जण अमेरिकेत जन्मले किंवा अगदी लहानपणी तिथं गेले आणि तिथंच वाढले. काही लेख पालकांचे आहेत. ते वेगळ्या विभागात न काढता मुलांच्या लेखांमध्येच ठेवले आहेत.

प्रत्येक लेख एका घराची हकीकत सांगतो. घराबाहेरचा इतिहास त्यात मावत नाही, आणि तो माहीत नसला तर वाचक प्रत्येक गोष्टीचं श्रेय किंवा खापर त्या घरावरच टाकून मोकळा होईल. म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : ज्याला आपण परदेशी गेलेल्यांचे संस्कार म्हणतो आणि ज्याला अमेरिका भारतीयांचा स्वभाव समजते, त्यातलं बरंचसं व्हिसाच्या कायद्यांनी घडवलेलं आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वी याच अमेरिकेत भारतीय माणसाबद्दलचं मत नेमकं उलटं होतं. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावी लाकडाच्या वखारींत पंजाबातून आलेले मजूर काम करत. त्यांतले बहुतेक शीख होते, पण गावाच्या लेखी सगळे ‘हिंदू’. सप्टेंबर १९०७ मध्ये गोऱ्या कामगारांच्या जमावानं त्यांना राहत्या खोल्यांतून ओढून बाहेर काढलं, मारहाण केली आणि काही दिवसांत गावातून जवळजवळ सगळे भारतीय हुसकले गेले. ही माणसं गलिच्छ आहेत, अडाणी आहेत, कमी मजुरीत राबतात आणि इथल्या समाजात कधीच मिसळणार नाहीत, असं वर्तमानपत्रं लिहीत होती. पुढं १९१७ च्या कायद्यानं जवळपास सगळ्या आशियातून येणाऱ्यांना दार बंद झालं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं भारतीयांना गोरे मानण्यास नकार दिला आणि नागरिकत्व मिळण्याची वाटही बंद केली. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होते. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं ते वर्षाला शंभर भारतीयांपुरतं.

त्या मजुरांचा आणि आजच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरचा देश एक, सण एक, मुलांनी चांगलं निघावं ही आस एक. मग अडाणी म्हणून हाकललेल्या लोकांचे देशबांधव दोन-तीन पिढ्यांत जन्मजात हुशार कसे ठरले? संस्कृती एवढ्यात बदलत नाही. बदलला तो कायदा. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसून नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. जुनी देशवार कोट्याची पद्धत गेली. नातेवाइकांना आणि शिकलेल्या, हुनर असलेल्या माणसांना प्राधान्य मिळालं. भारतीयांचे तिथं नातेवाईक होते कुठं? तेव्हा जे गेले ते शिक्षणाच्या जोरावर गेले. पवईची आयआयटी, व्हीजेटीआय, पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, बी. जे. मेडिकल, ग्रँट मेडिकल इथून मराठी मुलं निघाली ती याच दारातून. त्यांनीच पुढं गावोगावी महाराष्ट्र मंडळं उभी केली आणि १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन केलं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. संजॉय चक्रवर्ती, देवेश कपूर आणि निर्विकार सिंग यांनी ‘द अदर वन परसेंट’ या २०१६ च्या पुस्तकात तिहेरी चाळणीची कल्पना मांडली आहे. पहिली चाळणी भारतातल्या जातीची आणि वर्गाची : उच्च शिक्षणापर्यंत पोचू कोण शकतं? दुसरी चाळणी प्रवेशपरीक्षांची. तिसरी अमेरिकी व्हिसाची. तिन्हींतून उतरलेल्या माणसांत पदवीधरांचं प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश आहे. सर्वसाधारण अमेरिकी प्रौढांत ते तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आहे आणि भारतात तर त्याहून कितीतरी कमी. म्हणजे अमेरिकेतला भारतीय हा भारतीयांचा नमुनाच नव्हे. अशा आईबापांची मुलं शाळेत पुढे असतात यात नवल काय? जगात कुठंही डॉक्टरांची मुलं शाळेत बरी चालतात.

या कौतुकाला एक काळी बाजूही आहे आणि ती आपल्या बैठकांत फारशी निघत नाही. १९६६ च्या जानेवारीत विल्यम पीटरसन या समाजशास्त्रज्ञानं ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मासिक पुरवणीत जपानी अमेरिकनांच्या यशाची गोष्ट लिहिली. त्याच वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या एका साप्ताहिकानं चिनी अमेरिकनांबद्दल तसंच लिहिलं. ‘आदर्श अल्पसंख्य’ ही कल्पना तिथून रुजली. काळ लक्षात घ्या. आदल्या वर्षी लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात कृष्णवर्णीयांचा उद्रेक झाला होता, नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात होती. अशा वेळी एशियाई माणसांच्या कष्टाचं आणि कुटुंबाचं गुणगान करण्यामागे एक प्रश्न उघड होता : यांना जमतं, मग तुम्हाला का जमत नाही? ज्या जपान्यांचा गौरव चालला होता त्यांच्यातल्या सुमारे १,२०,००० जणांना वीस-पंचवीस वर्षांपूर्वी याच देशानं छावण्यांत कोंडलं होतं, हे सोयीनं मागं पडलं. आणि ज्या चळवळीला हे कौतुक दगडासारखं फेकून मारलं, त्या चळवळीनं तयार केलेल्या वातावरणातच १९६५ चा कायदा होऊ शकला होता. आपल्या माणसांना अमेरिकेचं दार उघडलं त्यात मार खाल्लेल्या, तुरुंगात गेलेल्या कृष्णवर्णीयांचा वाटा आहे. हे मुलांना घरात सांगितलं जात नाही. उलट ‘त्यांच्या’ मुलांबरोबर फिरू नकोस हे सांगितलं जातं. या संग्रहातल्या तीन लेखकांनी स्वतःहून याबद्दल लिहिलं आहे, आणि ते वाचताना मला लाज वाटली.

शिक्का कौतुकाचा असला तरी ज्यांच्यावर तो बसत नाही त्यांना तो पुसून टाकतो. न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवणारे पंजाबी आणि बांगलादेशी, महामार्गांवरची मोटेलं रात्रंदिवस चालवणारी गुजराती कुटुंबं, दुकानांत गल्ल्यावर उभी राहणारी माणसं या चित्रात कुठं दिसतात? १९७५ नंतर लाओसमधून निर्वासित होऊन आलेल्या ह्मोंग लोकांना चाळणी लागलीच नव्हती. ते युद्धातून जीव वाचवून आले. त्यांच्यात पदवीधरांचं प्रमाण अमेरिकेच्या सरासरीहून कमी आहे. तरी कागदोपत्री तेही एशियाई, म्हणून त्यांच्या मुलांना मदतीची गरज असेल हे शाळेला सुचत नाही. घरातल्या मारहाणीचंही तसंच. न्यू जर्सीत १९८५ मध्ये ‘मानवी’ ही संस्था दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी सुरू झाली तेव्हा पहिली लढाई आपल्याच समाजाशी होती, कारण आदर्श कुटुंबांत असं काही घडतं हे मान्य करायला कुणी तयार नव्हतं. जातीचा प्रश्न आणखी खोल दडलेला. सिअॅटल शहरानं फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली, त्या वेळी आपल्यातल्या अनेकांनी ‘इथं जात आहेच कुठं’ असा सूर लावला. पहिल्या चाळणीत जे अडकले नाहीत त्यांना चाळणी दिसत नाही.

आता स्पेलिंगच्या स्पर्धेकडे येतो, कारण शिक्का कसा तयार होतो हे तिथं जवळून पाहता येतं. स्क्रिप्स नॅशनल स्पेलिंग बी ही आठवीपर्यंतच्या मुलांची स्पर्धा. गळ्यात क्रमांकाची पाटी, समोर मायक्रोफोन. उच्चारक शब्द सांगतो. मूल अर्थ विचारतं, शब्द कोणत्या भाषेतून आला ते विचारतं, वाक्यात वापरून दाखवायला सांगतं. मग तळहातावर बोटानं अक्षरं काढतं किंवा हवेत न दिसणारा कीबोर्ड बडवतं आणि एकेक अक्षर सुटं उच्चारतं. चुकलं की घंटी वाजते आणि त्या वर्षापुरता खेळ संपतो. १९८५ मध्ये बालू नटराजन जिंकले ते भारतीय वंशाचे पहिले विजेते. १९९९ मध्ये नूपुर लाला जिंकल्या आणि त्या वर्षीच्या स्पर्धेवर ‘स्पेलबाउंड’ हा माहितीपट आला. तो घराघरांत पाहिला गेला. २०१९ मध्ये शब्द संपत आले तरी मुलं हरेनात, तेव्हा आठ जणांना एकत्र विजेते घोषित केलं. त्यांतले सात भारतीय वंशाचे होते.

यात जन्मजात काय आहे? पाठांतराची परंपरा, वेदपठण वगैरे कारणं मी मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकली आहेत. ती मला पटत नाहीत. १९८९ मध्ये रत्नम चित्तुरी यांनी नॉर्थ साउथ फाउंडेशन ही संस्था काढली. भारतातल्या गरीब विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देण्यासाठी पैसा उभा करायचा हा तिचा हेतू. त्यासाठी संस्थेनं अमेरिकेतल्या भारतीय मुलांच्या स्पेलिंग, गणित, भूगोल अशा स्पर्धा घ्यायला सुरुवात केली. गावोगावी शाखा झाल्या, आईबाप स्वयंसेवक झाले, जिंकलेली मुलं धाकट्यांना शिकवू लागली. जिथं तालमी असतात तिथं मल्ल निघतात. २०२१ मध्ये झाइला अवाँ-गार्ड ही लुइझियानाची कृष्णवर्णीय मुलगी ही स्पर्धा जिंकली, आणि ती तितकीच निष्णात बास्केटबॉल खेळाडू होती. मेहनत आणि सोय जुळली की कुणाचंही मूल तिथवर जातं. आणि जिंकून तरी काय पदरात पडतं? भारतीय वंशाची मुलं जिंकली तेव्हा समाजमाध्यमांवर ‘एकदा तरी अमेरिकन मूल जिंकू दे’ अशा शेऱ्यांचा पाऊस पडला, तोही अमेरिकेतच जन्मलेल्या मुलांवर.

पालकांवर सगळं ढकलणं सोपं आहे. २०११ मध्ये एमी चुआ यांचं ‘बॅटल हिम ऑफ द टायगर मदर’ आलं आणि एशियाई आई म्हणजे वाघीण हे समीकरण रूढ झालं. या संग्रहातल्या आया मला वाघिणी दिसल्या नाहीत, घाबरलेल्या दिसल्या. पवन धिंग्रा या अभ्यासकानं ‘हायपर एज्युकेशन’ (२०२०) या पुस्तकासाठी अशा पालकांशी बोलून जे टिपलं आहे ते याला धरूनच आहे : या देशात आपली ओळखपाळख नाही, मूल गोरं नाही, ते इतरांइतकंच चांगलं असून भागणार नाही, त्याच्या हातात गुण असले पाहिजेत, असा हिशेब ते करतात.

हा हिशेब ते इथूनच शिकून गेले. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारनं खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी देईपर्यंत महाराष्ट्रात या जागा मोजक्याच होत्या. अर्ध्या टक्क्यावरून आयुष्य इकडचं तिकडं होई. निकालाच्या दिवशी बोर्डात आलेल्या मुलांचे फोटो पेपरात छापून येत. आई पेढा भरवतेय, बाबा पाठीवर हात ठेवून उभे आहेत. शेजारच्या घरात, सत्तर टक्के मिळालेल्या मुलाकडे, त्या संध्याकाळी कुणी फिरकत नसे. ज्यांनी अशा दिवसांत बाजी मारली तेच अमेरिकेला गेले. त्यांच्या दृष्टीनं परीक्षा हा एकमेव रस्ता होता, कारण त्यांच्या बाबतीत तो खरोखरच एकमेव होता. भारत पुढं बदलला, इथल्या मुली-मुलांना नाना वाटा फुटल्या, पण तिकडच्या घरात १९७८ ची बारावी चालूच राहिली.

नंतरच्या पिढीचं त्याहून अवघड आहे, आणि ते इथं फार थोड्यांना माहीत असतं. १९९० च्या कायद्यानंतर एच-वन-बी व्हिसावर लाखो सॉफ्टवेअरवाले गेले. ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही, म्हणून भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. नोकरी गेली तर सर्वसाधारणपणे साठ दिवसांत दुसरी शोधावी लागते, नाहीतर गाशा गुंडाळावा लागतो. ज्या घराचं बिऱ्हाड दोन महिन्यांच्या मुदतीवर टांगलेलं आहे, त्या घरात मुलाला ‘तुला आवडेल ते कर’ म्हणायला छाती लागते.

संग्रहातल्या एका मुलीचा लेख मी पुन्हा पुन्हा वाचला. ती तीन वर्षांची असताना आईबाबांबरोबर गेली. शाळा तिथली, मैत्रिणी तिथल्या, मराठी ती अडखळत बोलते. पण एकविसाव्या वर्षी आईबाबांच्या व्हिसावरचा तिचा हक्क संपणार, आणि ग्रीन कार्ड तोवर येणार नाही हे घरात सगळ्यांना माहीत. मग तिला स्वतःच्याच गावात परदेशी विद्यार्थिनी म्हणून राहावं लागणार. तिला इतिहास शिकायचा होता. अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्याला पदवीनंतर कामासाठी बारा महिने राहता येतं. विषय विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग किंवा गणित असला तर आणखी चोवीस महिने मिळतात. इतिहासाला एक वर्ष, कंप्युटर सायन्सला तीन. एका रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाबांनी कागद घेऊन हे आकडे मांडून दाखवले. आवाज चढवला नाही, सक्ती केली नाही. तिनं कंप्युटर सायन्स घेतलं. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात खोलीतली मैत्रीण हसून म्हणाली, ‘इंडियन पेरेंट्स, ना?’

शिक्का आणि अपेक्षा एकमेकांना कसं पोसतात ते या एका वाक्यात आहे. मैत्रिणीला बाबा दिसले, कायदा दिसला नाही. जेनिफर ली आणि मिन झोउ यांनी लॉस एंजेलिसमधल्या चिनी आणि व्हिएतनामी कुटुंबांचा अभ्यास करून २०१५ मध्ये जे पुस्तक लिहिलं त्यात याचा दुसरा पदर सापडतो. साधारण गुण असलेल्या एशियाई मुलांनाही शिक्षक वरच्या तुकडीत बसवतात, कारण ती हुशार असणारच असं त्यांनी धरलेलं असतं. वरच्या तुकडीत बसलं की मूल अभ्यासाला लागतं, गुण वाढतात आणि शिक्षकांचा अंदाज खरा ठरतो. हाच विश्वास मेक्सिकन मुलाच्या वाट्याला येत नाही. त्याचे आईवडील प्राथमिक शाळेपर्यंत शिकलेले असतात. ते कॉलेजला पोचलं तर त्यानं खरं तर फार मोठा पल्ला मारलेला असतो, पण त्याचा गौरव कुणी करत नाही. याच अभ्यासात असंही दिसलं की ज्यांना ही मोजपट्टी गाठता आली नाही ती मुलं स्वतःला अपयशी समजू लागली आणि आपल्या समाजापासून दूर गेली.

आपल्याकडेही तसंच होतं. मंडळाच्या गणपतीत न दिसणारी मुलं कोण असतात ते एकदा बघा. ज्याचं कॉलेज सुटलं, जी घटस्फोट घेऊन परतली, ज्याचं एका मुलावर प्रेम आहे, ज्याला औषधं घेऊन कसंबसं दिवसाला सामोरं जावं लागतं. ‘मी आता मराठी राहिलो नाही,’ असं यांतल्या एकानं लिहिलं आहे. त्याचं मराठी उत्तम आहे. मोदक तो हातानं वळतो. पण मराठी असणं म्हणजे यशस्वी असणं असं त्याला लहानपणापासून शिकवलं गेलं. आपल्या भाषेचं आणि सणांचं याहून मोठं नुकसान मला माहीत नाही.

जे मोजपट्टीत बसले तेही सुटत नाहीत. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशावरून जो खटला चालला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, त्यात एक तपशील बाहेर आला होता. एशियाई अर्जदार अभ्यासात वरचढ, पण स्वभावगुणांच्या शेऱ्यांत त्यांना सरासरीनं कमी गुण पडत होते. खालच्या न्यायालयानं हा जाणूनबुजून केलेला भेदभाव मानला नाही आणि मला इथं त्या खटल्याची बाजू घ्यायची नाही. पण एखाद्या मुलाला आधी अभ्यासू म्हणायचं आणि मग अभ्यासूच तर आहे म्हणून बाजूला ठेवायचं, हा अनुभव या संग्रहात ठिकठिकाणी आला आहे.

पालकांच्या लेखांबद्दल एक शब्द. ‘तुझ्यासाठीच तर इथं आलो’ हे वाक्य जवळपास प्रत्येक मुलानं ऐकलेलं आहे. एका वडिलांनी प्रामाणिकपणे लिहिलं आहे की ते खरं नव्हतं. आपण आलो ते स्वतःसाठी, चांगल्या पगारासाठी, थोडं घरातल्या कटकटींपासून सुटण्यासाठी. मूल नंतर झालं. हे वाक्य मुलाच्या खांद्यावरून काढून घेतल्यावर आपल्या दोघांत बोलणं सुरू झालं, असं ते म्हणतात. हे वडील मला सगळ्या संग्रहात सर्वांत धीट वाटले.

महाराष्ट्रात राहणाऱ्या वाचकाला एक विनंती आहे. या मुलांचे आजी-आजोबा, मामा-मावशा आपणच आहोत. सुट्टीत ती येतात तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत आपण त्यांना कोणत्या कॉलेजला, कोणत्या कंपनीत, किती पॅकेज हे विचारतो. तिकडच्या अपेक्षेला इथून खतपाणी मिळतं. ते थांबवणं आपल्या हातात आहे, आणि त्याला कोणत्याही देशाचा कायदा आडवा येत नाही.

लेखकांचे परिचय पुस्तकाच्या शेवटी दिले आहेत. सगळ्यांच्या संमतीनं त्यांतून पदव्या, विद्यापीठं आणि हुद्दे वगळले आहेत. कोण कुठल्या गावी वाढलं आणि सध्या कुठं राहतं, एवढंच तिथं वाचायला मिळेल.